जीपांचा पट

आमच्या घरी इंजिन चालू असलं की सगळे निवांत असायचे आणि ते मध्येच बंद पडलं की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत होती, तीही धड पूर्ण नव्हती. वरचा हातभर भाग उघडाच होता. त्यामुळे पलीकडे आबा काय दुरुस्त करतायत ते आम्हाला जाऊन बघावं लागत नसे. आई चुलीपुढे भाकरी थापता थापता म्हणायची, "आज कुणाचं तरी लई म्हातारं इंजिन आलंय गं, कसं खोकायलंय बघ," आणि थोड्या वेळानं कुणीतरी शेतकरी विहिरीवरचं जुनाट धूड बैलगाडीत घालून परत नेताना दिसायचा. पाहुणे म्हणत की आमच्या भाकरीला डिझेलचा वास येतो. आम्हाला तो कधी आला नाही. उलट लग्नाकार्याला दुसऱ्या गावी गेलं की तिथलं जेवणच मला अळणी लागायचं.

केजहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गॅरेज होतं. आबांना सगळा तालुका मेस्त्री म्हणायचा. त्यांचे भागीदार बशीरचाचा. चाचांचे वडील निजामाच्या काळात कुण्या जहागीरदाराची मोटार चालवत असत, आणि या एका गोष्टीवर चाचांनी जन्मभर तोरा मिरवला. आबा अबोल, चाचा बोलघेवडे. आबा हातानं काम करायचे, चाचा कानानं. त्यांच्याकडे एक लांब पेचकस होता. त्याचं टोक चालत्या इंजिनाला लावायचं आणि मूठ आपल्या कानाला. मग डोळे मिटून ते सांगायचे, "मेस्त्री, तिसरे नंबरका पिस्टन रूठा है." उघडून बघावं तर तसंच असायचं. बारावी होईपर्यंत मीही त्या पेचकसावर कान तयार केला होता. इतर घरांतल्या पोरी पेटी शिकतात तशी मी इंजिन ऐकायला शिकले. आईला याचं फार कौतुक नव्हतं. "हिला बघायला येणाऱ्याला काय सांगावं? पोरगी पेचकस लई छान वाजवती म्हणून?" असं ती चाचांना विचारायची, आणि चाचा म्हणायचे, "हौ भाभी, वैसाच बोलो."

त्या साली पाऊस मृगात तोंड दाखवून गेला तो गेलाच. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली. पोळ्याला बैलांच्या फासळ्यांवर रंग लावावा लागला. दसऱ्यापर्यंत विहिरींनी तळ गाठला, आणि विहिरीलाच पाणी नाही म्हटल्यावर इंजिन दुरुस्त करून माणूस उपसणार तरी काय? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पार डोंगरापर्यंत, दिवसभर जो इंजिनांचा आवाज असायचा तो एकेक करून थांबला. मला अजूनही दुष्काळ म्हटलं की भेगाळलेली जमीन आठवत नाही, ती सगळ्यांनाच आठवते. मला ती शांतता आठवते. आबा रिकाम्या हातानं गॅरेजच्या दारात बसायचे आणि स्वच्छ असलेले पाने पुन्हा पुसायचे.

गॅरेजवर दोन संसार चालेनात म्हणून आदल्या साली माझा थोरला भाऊ आणि वहिनी ऊस तोडायला गेले होते. आमच्याकडे ऊसतोडीला 'कोयता' म्हणजे जोडी लागते, नवरा आणि बायको. एकट्या माणसाला टोळी नेणारा मुकादम उभा करत नाही. त्यामुळे दादा गेला की वहिनीला जावंच लागायचं. आमची वहिनी रुक्मिण ही मोठी हसरी बाई. हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची आणि तरी आवाज पत्र्याच्या भिंतीवरून पलीकडे जायचा. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ती हातभर रुंद फळीवरून ट्रकवर अशी चढायची की माहेरची सगळी वस्ती तिचं नाव घ्यायची. त्या हंगामात फडातल्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, तिला पोरगी झाली, तारा. बाळंतिणीला द्यायला शेक नव्हता की शेवया नव्हत्या, आणि ओली बाळंतीण असतानाच ती परत फडात उभी राहिली. परत आली तेव्हा हसणं तेच होतं, पण थंडी वाजल्यासारखी मध्येच गप्प व्हायची. दिवाळी झाली, मुकादमाचे निरोप यायला लागले. त्या साली ऊसच कमी, म्हणून कारखान्यांनी धुराडी उशिरा पेटवली होती. ट्रक चंपाषष्ठी झाल्यावर येणार असं ठरलं. एका दुपारी ताराला मध्ये निजवून आम्ही दोघी गोधडीला टाके घालत बसलो होतो. वहिनी खाली मान घालूनच म्हणाली, "सुमे, मला जायाचं न्हाई गं ह्या साली. ही मरंल तिथं." बस, एवढंच. नंतर पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. पण भिंत वरून उघडी होती, आणि पलीकडे आबांचं पाने पुसणं थांबलं ते मला ऐकू आलं.

मग जत्रेची बैठक झाली. आमच्या शेजारच्या गावी खंडोबाचं ठाणं आहे. चंपाषष्ठीला तिथं जत्रा भरते, आणि जत्रेला शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, ही ठरलेलीच. त्या साली बैल उभे राहीनात तर पळणार कुठून? पंच मंडळी तोंडं पाडून बसली. तेव्हा दूध सोसायटीचे चेअरमन उठले. हे आमच्या भागातले बागायतदार, पांढरेशुभ्र कपडे, बोलताना हाताच्या अंगठ्या फिरवायची सवय. त्यांच्या सोसायटीलाही एक अडचण होती. डोंगरातल्या वस्त्यांवरून दूध गोळा करून केजला आणणारी जीप वाटेत बंद पडायची, आणि दूध नासायचं. ते म्हणाले, "बैलं न्हाईत तर जीपांचा पट लावा. पळायचा न्हाई, टिकायचा. जी जीप सकाळपासून दिवेलागणीपर्यंत थांबणार न्हाई, तिला वर्षभर दुधाची लाईन देतो. देवाचंबी होईल, सोसायटीचंबी." दुष्काळात सहकार असा एका दगडात दोन पक्षी मारायचा.

दुधाची लाईन म्हणजे घरबसल्या रोजगार. दादा जीप चालवणार, आबा आणि चाचा ती चालती ठेवणार. दादाला कोयता धरायची गरज नाही, म्हणजे वहिनीलाही नाही. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी आबा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. गॅरेजच्या मागे त्यांची एक जुनी डिझेल जीप उभी होती. आबांनी दादाला सांगितलं, "मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊ नको. जत्रा होऊं दे." मुकादमाला हा निरोप कळला तेव्हा तो गॅरेजसमोर मोटारसायकल उभी करून म्हणाला, "मेस्त्री, जीप दिवसभर चालती व्हय? तुमच्या पोराचा कोयता मी राखून ठेवतो, काळजी करू नका." आबांनी त्याला चहा पाजला.

पटाचे नियम साधे होते. देवळाजवळच्या तळ्याच्या कोरड्या पात्रात फेऱ्या मारायच्या. प्रत्येक जीपमध्ये दुधाचे कॅन, पण दुधाऐवजी वाळूनं भरलेले. इंजिन थांबलं की बाद. चालत्या माणसानं जीपला गाठलं तरी बाद. आणि सगळ्यात मोठा नियम बायकांनी घालून घेतला: सकाळी रेडिएटर भरायचा तेवढा भरा, नंतर टँकरच्या पाण्याचा एक थेंब जीपला मिळणार नाही. "माणसाला घागर मिळंना आन् तुमच्या गाड्यांला पाजायचं व्हय?" असं एका म्हातारीनं चेअरमनच्या तोंडावर विचारलं, आणि अंगठ्या फिरवायच्या थांबल्या.

तेव्हा प्रश्न असा होता की आमच्या इंजिनाची हद्द कुठवर? एकदा भरलेल्या पाण्यावर, एवढं वजन घेऊन, दिवसभर ते चालेल का, आणि नाही चाललं तर आधी काय जाईल? बशीरचाचांचं यावर एक तत्त्व होतं. "एक कू मारो, तब दूसरा जीता," ते म्हणायचे. भंगारात त्याच बनावटीचं दुसरं इंजिन पडलेलं होतं. आबांनी ते उभं केलं, लाकडी चौकटीवर बसवलं आणि मरेपर्यंत चालवायचं ठरवलं. पण इंजिनाला ओझं हवं. नुसतं मोकळं फिरवून त्याची परीक्षा होत नाही. एरवी पंप जोडला असता, पण पाणी नव्हतं. म्हणून शेजारच्या पिठाच्या गिरणीला पट्टा लावला. ही बातमी पसरली आणि बायकांची रीघ लागली, कारण इंजिनाची परीक्षा चालू आहे तोवर दळण फुकट. रेशनची ज्वारी संपली तेव्हा मिरच्या आणल्या, धणे आणले, एकीनं तर दुष्काळात लागेल म्हणून चिंचोके आणून टाकले. गिरणीवाला खोकत खोकत बाहेर पळाला. त्या आठवड्यात आमच्या घरात सगळ्या जेवणाला तिखट आणि डिझेल यांचा मिळून एक वास होता, आणि भाकरीवर ठेचा मागायचं कुणाला कारण उरलं नाही.

मला पेचकस देऊन चाचांनी इंजिनाजवळ बसवलं. आधी रबरी नळी फुटली. आबांनी जीपच्या नळ्यांवर सुतळी घट्ट आवळून लाख लावली. मग पंख्याचा पट्टा गेला. जीपला दोन पट्टे बसले. मग आबांनी रेडिएटरवर घोंगडी टाकून त्याला भर उन्हाची धग दाखवली, आणि मला तळ्यातली धूळ सुपानं पाखडायला लावली, म्हणजे पात्रात उडणारा फुफाटा इंजिनाला आधीच ओळखीचा व्हावा. मी सूप पाखडायची, वहिनी ताराला पाठीशी बांधून धूळ भरून आणायची, आणि दर खेपेला इंजिनाकडे बघून विचारायची, "मेलं का?" चाचा म्हणायचे, "नै बेटी, अभी ज़िंदा है." ती तोंडात पदर कोंबून हसायची. शेवटी एकदा आवाज बदलला. गोल आवाजाला खाच पडल्यासारखं झालं. मी ओरडले, आणि मी ओरडून होईपर्यंत इंजिन जागच्या जागी आवळून जाम झालं. आबांनी थंड होऊ दिलं, उघडलं, आणि किती वेळ पाणी पुरतं, कुठल्या आवाजापर्यंत ओढायचं आणि कुठल्या आवाजाला सोडायचं, हे त्यांनी दादाला समजावून सांगितलं. "ही खाच ऐकू आली की तुझ्याकडं एकच फेरी उरली समज."

पुढे मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या खात्यात पोटापाण्याला लागले आणि तिथंच केस पांढरे केले. परदेशात मोटारींच्या दिवसरात्र चालणाऱ्या शर्यती असतात; त्यांची इंजिनं काचेच्या खोलीत अशीच ओझं लावून, तापवून, मरेपर्यंत चालवतात. आमच्याकडेही तसंच; आमच्या खात्यातली तरुण मुलं मोठी हुशार. घाटाचा चढ, पाऊस, वाळवंटातली वाळू, सगळं त्या खोलीत उभं करायची. माझ्या निरोपाच्या दिवशी एकानं विचारलं, "मॅडम, आपल्या तपासणीत काय राहून जातं हो?" मी म्हटलं, "लोकांचं प्रेम." पोरं हसली. मी विनोद करत नव्हते.

चंपाषष्ठीला पहाटे आईनं बाजरीचे रोडगे भाजले. न्हाणीच्या पाण्यावर तिनं परसात वांग्याची चार झाडं जगवली होती, त्यांची होती नव्हती तेवढी वांगी निखाऱ्यात घातली, आणि भरताला कांद्याची पात चाचांनी कुठूनशी मिळवून आणली. देवाची तळी भरली. दादाच्या कपाळाला भंडारा लागला, जीपच्या कपाळालाही लागला. भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. आमच्याकडे तो चिमटीनं लावायचा असतो आणि जत्रेत मुठीनं उधळायचा असतो. तळ्याच्या काठावर ही गर्दी! जिथं एरवी पाणी असायचं तिथं जीपा उभ्या होत्या, आणि बांधावर माणसं दाटीनं बसली होती. बसस्टँडवरच्या सगळ्या जीपा उतरल्या होत्या. त्यात एक परळीच्या व्यापाऱ्याची, कोरी करकरीत. शेठ स्वतः खुर्ची टाकून छत्रीखाली बसले होते आणि त्यांचा ड्रायव्हर काळा चष्मा लावून होता.

सकाळ तर आमचीच होती. कुणाची रबरी नळी फुटली, कुणाचा पट्टा तुटला, आणि दर वेळी चाचा माझ्याकडे बघून मान हलवायचे, कारण हे सगळं आम्ही घरी आधीच मारून बघितलं होतं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा मोजक्या जीपा उरल्या, आणि कलली तेव्हा दोनच: आमची आणि परळीची. मग मात्र लोक पेटले. आमच्या गिरणीवर फुकट दळण नेलेली प्रत्येक बाई त्या बांधावर होती! जीप समोरून गेली की "येळकोट येळकोट जय मल्हार!" आणि मुठी मुठी भंडारा. जीप पिवळी झाली, दादा पिवळा झाला, वाळूचे कॅन पिवळे झाले. मी आनंदानं नाचत होते. चाचांनी एकाएकी माझा दंड धरला. "बेटी, ये बास किसका?" मीही नाक वर केलं. फोडणीत हळद करपावी तसा वास येत होता.

आम्ही धूळ पाखडली होती, पण धूळ कोरडी असते, पंख्याच्या वाऱ्यानं आत येते तशी निघून जाते. हळद तेलकट. रेडिएटरच्या जाळीत ती शिरली, तापली आणि लिंपल्यासारखी बसली. वारा आत जायची वाटच बुजली. परळीच्या जीपवर मात्र कुणी चिमूटभर टाकला नव्हता, कारण ती परक्याची. तिची जाळी आरशासारखी लखलखत होती. म्हणजे जितके लोक आपले, तितका आपला घात! आबा बांधावरून धावत सुटले, हात जोडून ओरडायला लागले, "उधळू नका! अरे बाबांनो, उधळू नका!" खंडोबाच्या जत्रेत 'उधळू नका' कोण ऐकणार? लोकांना वाटलं मेस्त्र्याच्या अंगात आलं. त्यांनी आबांवरही उधळला.

दादाच्या समोरचा इंजिनाच्या तापाचा काटा तांबड्यात गेला होता. थांबता येईना, पाणी घालता येईना. तेवढ्यात वहिनीनं ताराला माझ्या कडेवर दिलं, देवळाच्या पायरीवरची शिंदीची केरसुणी उचलली, कासोटा घातला आणि ती पात्रात उतरून जीपकडे पळाली. दादानं तिला बघितलं आणि जीप हळू केली, चालत्या माणसापेक्षा जेमतेम पुढे. ती पुढच्या लोखंडी बंपरवर चढली, एका हातानं दिव्याची कड धरली आणि जाळीकडे तोंड करून बसली. फळीवरून मोळी घेऊन चढणाऱ्या बाईला हे काय अवघड? पण तिचा पाय सुटला असता तर चाक तिच्यावरूनच गेलं असतं. चालत्या जीपवर बसून ती जाळी झाडायला लागली. केरसुणीच्या काड्या एकेका फटीत घालून खरवडत होती, तोंडानं फुंकत होती, गरम वाफेनं मान वळवत होती आणि परत झाडत होती. खाली हळदीची पिवळी ढेकळं पडत होती.

आणि हे बघून लोकांना काय वाटलं असेल? साक्षात म्हाळसा रथावर बसली! बांधावरचे सगळे उभे राहिले आणि असा भंडारा उधळला की वहिनी दिसेनाशी झाली. ती एक मूठ झाडायची, वर दहा मुठी पडायच्या. चाचा कपाळ धरून खाली बसले. "लोगां प्यार से मार डालते," ते म्हणाले. माझ्या कडेवर तारा रडत होती आणि मीही रडत होते.

माझी आई देवभोळी आणि भिडस्त बाई. चारचौघांत ती आबांचं नावसुद्धा घेत नसे. ती कधी उठली ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ती चेअरमनच्या मंडपात होती आणि पुकारा करणाऱ्या पोराच्या हातातून माईक काढून घेत होती. भोंग्यातून तिचा आवाज सगळ्या तळ्यावर आला, जरा कापरा, पण भाकरी थापताना असतो तसाच. "मायबापहो, मी मेस्त्र्याच्या घरची बोलायले. परळीचे पावणे आपल्या देवाच्या दारी आलेत. सकाळपासून त्यांच्या गाडीवर कुणी चिमूटभर भंडारा टाकला न्हाई. कावून बरं? पावण्याला कोरडं धाडायचं व्हय? आमच्या गाडीला बास झालं, ती घरचीच हाय. पावण्यावर उधळा."

आमच्याकडे माणसाला काहीही म्हणा, पण पाहुण्याला उपाशी ठेवला म्हणू नका. लोक अक्षरशः शरमले. उरलासुरला सगळा भंडारा परळीच्या जीपवर बरसायला लागला. आणि तो ड्रायव्हर बिचारा भारावून गेला! त्यानं काळा चष्मा काढला, जीप हळू केली, आणि एक हात चाकावर ठेवून दुसऱ्यानं सगळ्यांना नमस्कार करत तो गर्दीच्या अगदी कडेनं फिरायला लागला. शेठही छत्रीखालून उठून हात जोडत होते. तिकडे वहिनीला मोकळीक मिळाली. तिनं जाळी झाडून झाडून पुन्हा लोखंडाचा रंग दिसेपर्यंत साफ केली. काटा केसभर खाली आला. परळीच्या जीपच्या पिवळ्या ढगातून थोड्या वेळानं पांढरी वाफ निघाली, आणि ती जीप तळ्याच्या मधोमध उभी राहिली.

आईनं हे जाणूनबुजून केलं की खरंच तिला पाहुण्याची कणव आली, हे मी तिला तिच्या अखेरपर्यंत विचारत राहिले. ती दर वेळी तेच सांगायची, "देवाचा भंडारा हाय. त्यात आपला-परका करावं का?" आणि पुढची भाकरी तव्यावर टाकायची.

देवळासमोरच्या दीपमाळेवर पहिली पणती लागली तेव्हा आमची जीप चालत होती. दादाला गलक्यात कळलंच नाही, तो आणखी एक फेरी मारून आला. शेवटच्या वळणावर ती खाच मला इतक्या लांबूनही ऐकू आली. जीप आमच्यासमोर आली आणि कुणी बंद न करता इंजिन बंद पडलं. चाचांनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढला, भाजला म्हणून. पुढे त्या दोन मेलेल्या इंजिनांचे सुटे भाग जोडून त्यांनी आणि आबांनी एक जिवंत इंजिन केलं, आणि डोंगरातलं दूध त्याच्यावर केजला यायला लागलं. संध्याकाळी परळीचे शेठ आमच्याकडे रोडगे आणि भरीत जेवले. हात धुताना आईला म्हणाले, "मावशी, तुमचा भंडारा लई भारी पडला बरं का आमाला." आईनं त्यांना आणखी एक रोडगा बांधून दिला. वहिनी चुलीपाशी बसली होती. तिचे तळवे भाजले होते, केस पिवळे होते, आणि ती ताराला पाजता पाजता झोपी गेली होती. आबांनी जाता जाता तिच्या अंगावर घोंगडी टाकली. सासऱ्यानं सुनेला असं पांघरूण घालायची आमच्यात रीत नाही.

सकाळी मुकादमाचा ट्रक आमच्या दारासमोर थांबला. ठरल्याप्रमाणे तो येणारच होता. त्याला सांगायला कुणाला सवड झाली नव्हती. दादा पुढे होऊन मुकादमाशी बोलायला लागला. वहिनी ताराला कडेवर घेऊन ट्रकच्या मागच्या बाजूला गेली, कारण आत तिच्या माहेरच्या वस्तीवरच्या बायका होत्या. गेल्या साली कोपीत तिचं बाळंतपण केलेली, तिच्या वाटचा ऊस तोडून दिलेली हीच माणसं. बोचकी, तवे, पोरं, खुराड्यातल्या कोंबड्या, असं सगळं दाटीनं भरलेलं. वहिनीला बघताच त्या सावरल्या. कुणी गुडघे पोटाशी घेतले, कुणी पोर मांडीवर ओढलं, एकीनं आपलं बोचकं डोक्यावर घेतलं, आणि फळीच्या आडोशाला, वारं लागणार नाही अशी एक जागा मोकळी झाली. "ये रुक्मे," त्यातली म्हातारी म्हणाली, "हितं बस लेकराला घिऊन."

वहिनीनं ताराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मी तिच्या मागेच उभी होते. मग ती म्हणाली, "मी न्हाई येत गं मावशे. आमाला दुधाची लाईन लागली."

"आता गं माय," म्हातारी म्हणाली. "लई बरं झालं." आणि बाकीच्याही म्हणाल्या, बरं झालं, बरं झालं. त्या मनापासून म्हणत होत्या, ते मला आजही पक्कं माहीत आहे. एकीनं हात लांब करून ताराच्या गालाला लावला. मुकादमानं आत चढून दार आपटलं, ट्रक निघाला. वहिनी रस्त्याच्या मधोमध उभी राहून बघत राहिली. मीही बघत होते. इतक्या दाटीत, इतक्या लांबच्या वाटेला निघालेल्या त्या बायका, पण ट्रक मांजरसुंब्याच्या दिशेला दिसेनासा होईपर्यंत ती मोकळी केलेली जागा त्यांच्यापैकी एकीनंही पाय पसरून भरली नाही.